कुमाऊंत राहायला जायचंय, तर आधी गावाचा नौला बघा

वहिनी, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही इंदूरला सुदामा नगरात राहता. दादा बँकेतून निवृत्त झाले, तुमची शाळा यंदा सुटतेय, मुलगी पुण्यात स्थिरावली. इथला उन्हाळा आणि रहदारी आता सोसत नाही, म्हणून वर्षातले आठ-नऊ महिने उत्तराखंडातल्या कुमाऊंच्या एखाद्या गावात राहायचं मनात आहे. चार वेळा जाऊन आलात, चारही वेळा दिवाळीच्या आगेमागे. तीन जागा पाहून ठेवल्यात. पहिली अल्मोड्याच्या पलीकडे, मोटार रस्त्याला लागून, ओढ्याकाठची सपाट दहा नाली, म्हणजे साधारण दोन हजार चौरस मीटर जमीन. दुसरी डोंगरमाथ्यावर २१५० मीटरला, खिडकीतून त्रिशूल आणि नंदादेवी दिसतात अशी, एका दलालाच्या वसाहतीत. तिसरी भीमतालच्या वरच्या अंगाला १६५० मीटरवरच्या जुन्या गावात, रस्त्यापासून दहा-बारा मिनिटं चढून, एका रिकाम्या घराचा अर्धा भाग. तिथून हिमशिखरं दिसत नाहीत. दादांना तीन वर्षांपूर्वी एक स्टेंट बसवलाय. यातली कुठली घ्यावी?

विकत यातली कुठलीही आत्ता घेऊ नका. पहिल्या दोन कायमच्या सोडून द्या. तिसऱ्या गावात वर्षभर भाड्यानं राहा, पण त्याआधी मे महिन्यात एकदा जाऊन त्या गावाचा नौला, म्हणजे पाण्याचं जुनं कुंड, बघून या. त्यावरून राहायचं की नाही ते ठरेल.

मी इंदूरच्या रामबागेत वाढलो, तिथल्याच जीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजातून सिव्हिल केलं आणि गेली पंचवीसेक वर्षं कुमाऊंत झऱ्यांच्या पाण्याचं काम करतोय. या काळात खाली मैदानातून वर राहायला आलेली बरीच कुटुंबं पाहिली. जी परत गेली, त्यांतली बहुतेक पाण्यापायी किंवा दवाखान्यापायी गेली. डोंगर आवडेनासा झाला म्हणून गेलेलं माणूस मला आठवत नाही. आणि घर घेताना त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकानं हिमशिखरं कुठून दिसतात एवढंच नीट पाहिलं होतं.

नौला म्हणजे पाझराच्या पाण्याचं दगडी कुंड. तीन बाजूंनी भिंत, वर दगडी पाटांचं छप्पर, एक बाजू उघडी. आत पायरी-पायरीनं निमुळतं होत गेलेलं चौकोनी कुंड असतं, वर पाच-सहा फूट रुंद आणि तळाशी हातभर. भिंतीतल्या कोनाड्यात बहुधा विष्णूची मूर्ती असते. लग्न होऊन आलेली सून पहिल्यांदा नौल्याची पूजा करते आणि मग घरात पाणी आणते, ही रीत अजून कित्येक गावांत आहे. चप्पल बाहेर काढूनच आत वाकायचं, तुम्हीही तसंच करा. चंपावतजवळचा एक हथिया नौला त्याच्या कोरीव कामासाठी लोक मुद्दाम बघायला जातात. तुम्हाला मात्र बघायचाय तो वापरातला, शेवाळलेला, कडेला दोन प्लास्टिकच्या कळश्या ठेवलेला साधा नौला. धारा हा त्याचाच भाऊ: झऱ्याचं पाणी दगडी तोंडातून किंवा पाइपातून सतत पडत असतं. आणि धार म्हणजे डोंगराचा कणा, माथा. दोन शब्दांत गल्लत करू नका. गावकरी ‘धार में पानी नहीं ठैरा’ म्हणतात, तेव्हा ते माथ्याबद्दल बोलत असतात.

पाणी मोजायचं ते १५ मे ते १० जून या दिवसांत. दिवाळीच्या सुमाराला डोंगर पावसाळ्याचं पाणी पाझरत असतो, तेव्हा मेलेला झराही जिवंत वाटतो. चारही वेळा तुम्ही नेमक्या त्याच दिवसांत गेलात. धारा असेल तर बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरतं. १५ लिटरची बादली दीड मिनिटात भरली तर मिनिटाला १० लिटर, म्हणजे दिवसाला १४,४०० लिटर. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण त्यावर पंचवीस घरं आणि त्यांची गुरं असतील तर घराला पावणेसहाशे लिटर येतात. भागतं, पण तुमच्या बागेला त्यातून काही उरत नाही.

नौल्यात बादली लावता येत नाही, कारण पाणी तळातून आणि भिंतीतून पाझरतं. तिथं भरती मोजायची. संध्याकाळी सगळ्यांचं पाणी भरून झालं की कुठल्या पायरीपर्यंत पाणी आहे ते बघा, खडूनं खूण करा. पहाटे पहिली कळशी बुडायच्या आत पुन्हा जा. मीटरभर लांब-रुंद कुंडात रात्रीतून वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटर पाणी चढलं, तर २०० लिटर आलं. पहाटे चारला उठून हे करायला कंटाळा येईल, पण करा. तिथं पहाटे कोण-कोण पाणी भरायला येतं हेही त्यात दिसतं, आणि ते पाण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

गावात ‘हर घर जल’चे नळ असतील. असू देत. नळ कुठल्या गधेऱ्यातून, म्हणजे ओढ्यातून आणलाय, ते विचारा, आणि मे महिन्यात तो किती दिवसांआड येतो तेही. पण खरं उत्तर नौल्याची वाटच देते. नळ असूनही ती वाट तुडवलेली, स्वच्छ असेल, तर दोन गोष्टी कळतात: नळ भरवशाचा नाही आणि नौला जिवंत आहे. वाटेवर बिच्छूघास, म्हणजे अंगाला लागली की आग करणारी खाजरी, माजली असेल, तर गावाची सगळी भिस्त नळावर आहे आणि नळ बंद पडला की हाल आहेत. नीति आयोगानं २०१८ मध्ये हिमालयातल्या झऱ्यांवर अहवाल काढला, त्यात जवळपास निम्मे झरे आटत चालल्याचं म्हटलं आहे. अल्मोडा शहर एकेकाळी नौल्यांवर जगत होतं. आज तिथं खालच्या कोसी नदीतून पंपानं पाणी चढवतात. आपल्याला हे समजायला जड नाही. जलूदहून नर्मदा सत्तरेक किलोमीटर चढवून आणली म्हणून इंदूर उभं आहे. फरक इतकाच की इंदूरसाठी अख्खी महानगरपालिका पंप चालवते. तिथल्या वीस घरांच्या गावासाठी कुणी तसं करणार नाही.

मग नौल्यापासून मान वर करून डोंगराकडे बघा. वर बांज असेल, म्हणजे तिकडचा ओक, तर जीव निवांत होतो. बांजाखालची माती काळी, भुसभुशीत, पालापाचोळ्यानं गादीसारखी झालेली असते. पावसाचं पाणी तीत मुरतं. वर नुसता चीड, म्हणजे पाइन, असेल तर जमिनीवर पिरूलचा, म्हणजे चिडाच्या सुयांचा, गुळगुळीत थर दिसेल. त्यावरून पाणी घरंगळून जातं आणि उन्हाळ्यात तोच थर पेटतो. वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम धरतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये नैनितालच्या आसपासचं जंगल इतकं पेटलं होतं की हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनं भीमतालच्या तळ्यातून पाणी उचलून ओतावं लागलं. त्या दिवसांत दरीत धूर आठवडा-आठवडा बसून राहतो. दादांच्या हृदयाला तो धूर चालणार नाही. तुम्ही इंदूर सोडताय ते मुख्यतः एप्रिल-मे टाळायला, म्हणून हा मुद्दा तुमच्यासाठी मोठा आहे. चिडाच्या पट्ट्यातलं घर मी तुम्हाला सुचवणार नाही.

जमिनीबद्दलही नौला बोलतो. शे-दोनशे वर्षांचं दगडी बांधकाम जागेवर आहे, पायऱ्या समपातळीत आहेत, छपराचा पाट तडकलेला नाही, म्हणजे तो उतार बराच काळ हललेला नाही. पायऱ्या एका बाजूला कललेल्या असतील, नौला कोरडा पडून त्याच्याखाली तीस-चाळीस पावलांवर नवा पाझर फुटला असेल, पाऊस नसतानाही पाणी गढूळ येत असेल, तर डोंगर आतून सरकतोय. अशा वेळी आजूबाजूची झाडंही बघा. बुंध्याशी वाकून मग सरळ वर गेलेली झाडं एका ओळीत दिसली तर त्या मातीचा सावकाश घसरण्याचा इतिहास आहे. शेताच्या बांधाला पोट आलेलं असेल, एकाच रेषेत तीन-चार पायऱ्यांवर तडे असतील, तर तिथं थांबू नका.

हे मी स्वतःच्या घरावर शिकलो. पहिली जागा घेतली तेव्हा मला पाण्याचं कळत होतं, उताराचं पुरेसं कळत नव्हतं. शेताचा एक तुकडा उन्हाळ्यातही हिरवागार होता, गवत गुडघाभर. मला वाटलं, पाणी जवळ आहे, छान झालं. गावात त्या तुकड्याला सिमार म्हणत. सिमार म्हणजे दलदल, हे मला माहीत होतं. पण शेताचं नाव म्हणून ऐकलं आणि पुढे गेलो. २०१० च्या सप्टेंबरात अल्मोड्याच्या परिसरात जो पाऊस झाला, त्यात बाल्टा आणि देवली या गावांत माणसं गाडली गेली. माझ्याकडे माणूस गेलं नाही. पण सिमारवरची संरक्षक भिंत रात्रीतून चार हात पुढे सरकली आणि तिच्यामागचा व्हरांडा तिच्याबरोबर गेला. भिंतीला पाणी निघून जायची भोकं होती, ती मिस्त्रीनं चिखलानं बुजवून टाकलेली सकाळी दिसली. भिंत बांधून झाल्यावर त्या भोकांत मी काडी घालून बघितली असती तर कळलं असतं. तेव्हापासून मी दुसऱ्याची भिंतही काडी घालून तपासतो.

म्हणून जागेचं गावातलं नाव विचारत जा. दलालानं ठेवलेलं ‘व्हॅली’ किंवा ‘हाइट्स’ नको, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचं हवं. तुमच्या पहिल्या जागेचं नाव तुम्ही लिहिलंय, ते ‘बगड’वर संपतं. बगड म्हणजे नदीनं किंवा गधेऱ्यानं आणून टाकलेली सपाटी. डोंगरात सपाट जागा फुकट मिळत नाही. कधीतरी कुणीतरी तो माल तिथं ओतलेला असतो. ओढा दरीत उतरतो त्या तोंडाशी पंख्यासारखी पसरलेली सपाट जमीन दिसली की ती त्या ओढ्याचीच समजायची. ५ ऑगस्ट २०२५ ला उत्तरकाशीतलं धराली काही क्षणांत गाडलं गेलं, ते खीरगंगेच्या तोंडावरच्या अशाच पंख्यावर वसलेलं होतं. त्या भागातली जुनी गावं बघितलीत तर कळेल, ती ओढ्यापासून हटून, वर, खडकाच्या सोंडेवर आहेत. रस्त्यालगतच्या बगडावरचं बांधकाम बहुतेक मोटार रस्ता आल्यानंतरचं असतं. तुम्ही सांगितलेला ओढ्याचा तो मंजुळ आवाज ऑक्टोबरचा आहे. ऑगस्टमध्ये रात्री त्याच ओढ्यात धोंडे एकमेकांवर आपटतात आणि घराच्या जोत्याला हादरे बसतात. ही जागा नको.

ती जागा कायद्यातही बसत नाही. एक नाली म्हणजे साधारण २०० चौरस मीटर. वीस नालींचा एकर होतो. नगरपालिका हद्दीबाहेर बाहेरच्या राज्यातल्या कुटुंबाला घरासाठी २५० चौरस मीटरपर्यंतच जमीन घेता येते, म्हणजे सव्वा नाली, आणि तीही कुटुंबाला एकदाच. २०२५ च्या दुरुस्तीनंतर हरिद्वार आणि उधमसिंह नगर सोडून बाकी ११ जिल्ह्यांत शेतीची आणि फळबागेची जमीन बाहेरच्यांना विकत घेता येत नाही. दलाल तुम्हाला जी दहा नाली दाखवतोय ती मर्यादेच्या आठपट आहे. ‘थोडी वहिनींच्या नावावर, थोडी मुलीच्या, उरलेली गावातल्या आमच्या माणसाच्या’ ही त्याची युक्ती कृपा करून ऐकू नका. अशी जमीन सरकारजमा होऊ शकते, आणि तुमच्या आयुष्याची पुंजी, कागदावर ज्याचं नाव आहे त्याच्या मर्जीवर राहील. हिमाचल म्हणाल तर तिथं कलम ११८ आहे: जो त्या राज्यातला शेतकरी नाही त्याला सरकारी परवानगीशिवाय जमीन नाही.

इंदूरसारखं खसरा, म्हणजे जमिनीची नोंद, बघितला, नामांतरण झालं, काम संपलं, असंही डोंगरात होत नाही. तिकडे पुष्कळ जमीन गोलखात्यात आहे: आजोबांच्या नावावर एकत्र, वाटण्या तोंडी. विकणारा भाऊ खरा असतो, पण त्याचे दोन चुलत भाऊ दिल्लीला आणि एक बहीण बरेलीला असते, आणि घर उभं राहिलं की ते येतात. खतौनी, म्हणजे हक्कदारांची नोंद, काढून प्रत्येक हिस्सेदाराची सही झाल्याशिवाय बयाणा देऊ नका. शेजारची मोकळी जमीन बेनाप आहे का तेही पटवाऱ्याला विचारा. बेनाप म्हणजे मोजणीबाहेरची जमीन. १८९३ पासून ती सरकारी जंगलात धरली गेली. विकणारा ती सहज ‘हीही तुमचीच’ म्हणून दाखवतो.

दुसऱ्या जागेचं थोडक्यात सांगतो. माथ्यावर पाणी नसतं. दलाल म्हणतो बोअर करू. माथ्याखालच्या खडकातलं जे पाणी तो बोअर उपसेल, तेच खालच्या गावाच्या नौल्याला येतं. तुमच्या संडासाचा शोषखड्डाही त्याच भेगांतून खाली जाईल. खालच्या माणसांचं पिण्याचं पाणी वरून ओढायचं आणि वरून घाण करायची, हे कळल्यावर तुम्हालाच तिथं राहवणार नाही. शिवाय २१५० मीटरला जानेवारीत पाइपात पाणी गोठतं, बर्फ पडलं की रस्ता दोन-चार दिवस बंद, आणि दलालाच्या वसाहतीतली निम्मी घरं नोव्हेंबर ते मार्च कुलूपबंद असतात. दारावर थाप मारायला शेजार नाही. हिमशिखरं बघायला तिसऱ्या गावातून सकाळी वीस-पंचवीस मिनिटं चढून माथ्यावर जाता येईल. दादांना डॉक्टरांनी चालायला सांगितलंय असं तुम्हीच लिहिलंय.

आता तिसरं गाव. इंदूर ५५० मीटरच्या आसपास आहे, आणि गंमत अशी की काठगोदामही जवळपास तेवढ्याच उंचीवर आहे. हजार मीटर चढलं की साडेसहा अंशांनी हवा उतरते असा ढोबळ हिशेब धरला तर १६५० मीटरला सातेक अंशांचा फरक. मे महिन्यात दुपारी अंगात सुती कपडे आणि रात्री पांघरूण, अशी ही उंची आहे. बाराशे ते अठराशे मीटर हा पट्टा आपल्यासारख्या माळव्यातल्या माणसांना सोसतो. पण उंचीपेक्षा उतार कुठल्या दिशेला तोंड करून आहे हे जास्त बघा. कुमाऊंनीत ‘घाम’ म्हणजे ऊन. मी नवीन असताना एका आजींनी मला विचारलं, ‘तुम्हारे यहाँ घाम कितने बजे आता है?’ आणि मी गोंधळलो. हाच प्रश्न आता मी प्रत्येक जागी पहिला विचारतो. दक्षिणेकडे किंवा आग्नेयेकडे उतरणाऱ्या घरात डिसेंबरात सकाळी साडेआठला ऊन अंगणात येतं आणि चारपर्यंत टिकतं. समोरच्याच डोंगराच्या उत्तर उतारावर ते अकराला येऊन दोनला जातं. तिथं भिंती ओल्या, गुडघे धरलेले, कपडे वाळत नाहीत. तुम्ही पाठवलेल्या फोटोत सावली उजवीकडे पडलीय, पण वेळ कळत नाही. म्हणून हे जागेवरच बघावं लागेल.

घर जुनं आहे, दगड-लाकडाचं, पाटांच्या छपराचं. ही घरं थंडीत उबदार असतात. पण कुमाऊंचा सगळा डोंगर भूकंपाच्या मोठ्या धोक्याच्या पट्ट्यात आहे. १९९१ चा उत्तरकाशीचा आणि १९९९ चा चमोलीचा भूकंप आठवणारी माणसं अजून आहेत. राहण्याआधी भिंतीचे कोपरे बघा: एकमेकांत गुंतवलेले लांब दगड आहेत का, भिंतीत आडव्या लाकडी पट्ट्या आहेत का, मधल्या उंचीवर फुगवटा आहे का. छपरावर कुणी नवं सिमेंटचं ओझं चढवलंय का. मालकानं परवानगी दिली तर कोपऱ्यांना आणि छपराच्या पातळीला पट्टे बांधून घ्या. खर्च फार नाही, आणि स्थानिक मिस्त्रींना हे काम समजतं.

छपराचं पाणीही साठवा. साठ चौरस मीटरच्या छपरावर पावसाळ्यात मीटरभर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं तरी ४८,००० लिटर पडतं. तुम्हा दोघांना काटकसरीनं दिवसाला १४० लिटर लागतील. १०,००० लिटरची टाकी भरलेली असेल तर मार्चअखेरपासून दोन महिन्यांवर पाणी पुरतं, आणि नौला गावासाठी मोकळा राहतो. नव्यानं आलेल्या माणसानं उन्हाळ्यात नौल्यावर आपली भर घालू नये असं मला मनापासून वाटतं. तुम्ही हे न सांगता केलंत तर गावाच्या लक्षात येईल.

दवाखान्याचं मात्र जास्त बोलायला हवं. कुमाऊंच्या डोंगरासाठी मोठ्या इलाजाचं दार म्हणजे हल्द्वानी. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. अल्मोड्याहून हल्द्वानी नव्वदेक किलोमीटर, पण त्या रस्त्यावर क्वारबला डोंगर ढासळतो आणि वाहतूक अडते. पुढे कैंची धामला सुट्ट्यांत गाड्यांची रांग लागते, १५ जूनच्या मेळ्याला तर विचारूच नका. तुमची पहिली जागा या दोन्हींच्या पलीकडे होती. तिसरं गाव भीमतालच्या बाजूनं उतरतं, या दोन्ही अडचणी वाटेत येत नाहीत. रस्ता मोकळा असेल तर पावणेदोन तास. छातीत कळ आल्यावर तेही थोडे नाहीत. तुमच्या इंदूरच्या हृदयरोगतज्ज्ञांना हा आकडा स्पष्ट सांगा, पावणेदोन तास, आणि घरात काय ठेवायचं, कळ आली की निघण्याआधी काय द्यायचं, ते लिहून घ्या. ते ‘नको’ म्हणाले तर नको. मग भीमतालमध्येच, रस्त्यालगत, गाडी दाराशी येईल असं भाड्याचं घर बघा; हल्द्वानी तासाभरावर येते. गाव थोडं कमी गाव असेल, चालेल.

आणि ती दहा-बारा मिनिटांची चढण. रात्री दोन वाजता, पावसात, दादांना खुर्चीवर बसवून रस्त्यापर्यंत उतरवायला चार माणसं लागतील. गावात चार धडधाकट माणसं वर्षभर राहतात का? हा प्रश्न उगाच नाही. राज्याच्या पलायन आयोगानं २०१८ मध्ये नोंदवलंय की २०११ नंतर ७३४ गावं पूर्ण ओस पडली. ज्या गावात फक्त म्हातारी माणसं उरलीत तिथं तुम्ही दोघं गेलात तर दोन म्हातारी माणसं वाढली, इतकंच. शाळा चालू आहे का, दुकान आहे का, संध्याकाळी पोरं खेळताना दिसतात का, कुणाची स्वतःची जीप गावात मुक्कामाला असते का, ते बघा. त्या जीपवाल्याशी आधी ओळख करा. १०८ ची गाडी येते, पण तिला तुमच्यापर्यंत यायला वेळ लागतो. गावातली जीप निघालेली असेल तर अर्ध्या वाटेवर गाठ पडते.

पहाटे नौल्यावर कोण येतं ते बघा असं वर म्हटलं, त्याचं कारण सांगायचं राहिलं. काही गावांत अजून दोन नौले असतात आणि कुणी कुठला भरायचा ते जातीवर ठरतं. कुणी तोंडानं सांगणार नाही. पहाटे तासभर बसलात तर दिसेल. जिथं सगळे एकाच ठिकाणी कळशी बुडवतात तिथं राहा, हे माझं ठाम मत आहे. अशा गावात नौला वर्षातून एकदा सगळे मिळून साफ करतात, जंगलाची वनपंचायत जागी असते, आणि बाहेरून आलेल्यालाही जागा असते. तुम्हाला हिंदी आपल्या घरच्यासारखी येते, त्यामुळे बोलणं अडणार नाही. शिवाय कुमाऊंतली बरीच पंत घराणी आपलं मूळ महाराष्ट्रात सांगतात. अल्मोड्याजवळच्या खूंट गावी जन्मलेले गोविंद वल्लभ पंत त्यांच्यातलेच. तुम्ही मराठी आहात कळलं की कुणीतरी हे नातं काढेल आणि चहा पाजेल. स्वयंपाकही परका वाटणार नाही: मंडुवा म्हणजे आपली नाचणी, गहत म्हणजे कुळीथ, झंगोरा भगरीच्या घरातला. भाजीपाला मात्र माकडं आणि रानडुकरं ठेवत नाहीत. बागेची हौस कुंड्यांपुरती धरा. अंधार पडल्यावर बिबट्याचा वावर असतो, त्याला तिथं गुलदार म्हणतात. दिवेलागणीनंतर एकटं वाटेवर जायचं नाही, हा गावाचा नियम तुमचाही.

तेव्हा असं करा. सुदामा नगरचं घर विकू नका, भाड्यानंही देऊ नका. मेच्या तिसऱ्या आठवड्यात इंदूरहून रात्रीच्या गाडीनं दिल्लीला जा, एक दिवस विश्रांती घेऊन सकाळच्या शताब्दीनं काठगोदाम गाठा. गावात आठ दिवस खोली घ्या. नौला, ऊन, धूर, जीप, हल्द्वानीचा रस्ता, सगळं त्या आठ दिवसांत बघून होतं. हल्द्वानीला एकदा मुद्दाम घड्याळ लावून जाऊन या. परत आल्यावर खडूच्या दोन खुणांमधलं अंतर, नौल्याची आतली लांबी-रुंदी आणि त्यावर पाणी भरणाऱ्या घरांची संख्या मला कळवा. खडू आणि मोजपट्टी इथूनच न्या. बादली तिथं कुणीही देईल.